डाव्या हाताला रिकामा प्लॉट

१

हिवाळी परीक्षेला तेवीस दिवस उरले होते. एम.एस्सी.चे बाकीचे सगळे पेपर निघाले होते, मॅथेमॅटिकल फिजिक्स तेवढा अडकला होता. पहिल्यांदा अकरा मार्कांनी गेला, दुसऱ्यांदा चार मार्कांनी. तिसऱ्यांदा गेला असता तर मुदतच संपणार होती, म्हणजे सगळं शिक्षण पाण्यात. देवळीजवळच्या आमच्या वावरातून वांगी-टमाटे बाजारात नेणारी माझी आई, पंचफुला, गावात सांगत फिरायची, माही काजल शास्त्रज्ञ होऊन राह्यली म्हणून. ती सांगायची तेव्हा मी मान खाली घालून उभी राहायचे.

सावंगीला आनंदाबाई काकूंच्या घरामागची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण शालू. ती नर्सिंगला होती. तिची ड्यूटी सकाळची असायची, तीनपर्यंत परत यायची. मी दिवसभर गणितं सोडवायचे आणि चार वाजता वही घेऊन बाहेर पडायचे. बसून माझ्या डोक्यात काही शिरत नाही. चालता चालता पाठ होतं.

फाटकासमोरच एक मोठा रिकामा प्लॉट होता. लेआउट पाडला तेव्हा बगीच्यासाठी जागा सोडली होती, बगीचा झालाच नाही. चारही बाजूंनी मुरमाचा रस्ता, कडेला सिमेंटचे खांब, आणि आत पुरुषभर उंच वाळलेलं गवत. एका फेरीला चार मिनिटं लागत. देवळाला घालतात तशी प्लॉट उजव्या हाताला ठेवून मी फिरायचे.

पण त्या सत्रात कॉन्टूर इंटिग्रेशन माझ्या मानगुटीवर बसलं होतं. त्यात बंद वाटेची धन दिशा ठरलेली असते: फिरताना आतला भाग कायम डाव्या हाताला राहिला पाहिजे. मी हेच दरवेळी उलटं करायचे आणि चिन्ह चुकायचं. म्हणून एका सोमवारी ठरवलं, आजपासून फेऱ्याही तशाच घालायच्या. पायांना दिशा कळली की हाताला कळेल.

प्लॉट डाव्या हाताला धरून मी चालू लागले.

२

गुरुवारी फेऱ्या आटोपून परतले आणि फाटक ढकललं, तर ते अलगद उघडलं.

एवढंच झालं. पण ते फाटक जमिनीला घासायचं. दोन्ही हातांनी उचलल्याशिवाय ते हलत नसे, फरशीवर त्यानं पांढरी कमान ओढून ठेवली होती. मी खाली पाहिलं. फरशीवर ओरखडा नव्हता.

आनंदाबाई काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"काकू, फाटक कवा दुरुस्त केलं?"

"कायचं दुरुस्त?"

"घासत होतं ना ते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग फाटकाकडं. "सहा वर्सं झाले बसवून. कवाच नाई घासलं. झोपत जा पोरी थोडीशी."

शालूला विचारलं तर ती म्हणाली, "असंन बापा. मी धड ध्यानच नाई देलं." आणि ती युनिफॉर्म धुवायला गेली.

मी फरशीवर बसून बोटानं चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. तीन आठवडे मी रोज चार-पाच तासांच्या वर झोपले नव्हते. माणसाला दुसऱ्याच कुठल्या फाटकाची आठवण येऊ शकते. मी स्वतःला असं सांगितलं आणि ते मला पटलंही.

३

शुक्रवारी मी आदेश सरांकडं शंका घेऊन गेले. ते आमच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायचे. नापास झालेल्यांना वेळ देणारे ते एकटेच.

"सर, हे ब्रँच पॉइंट मले समजूनच नाई राह्यलं. गोल फिरून त्याच जागी आलं तर उत्तर तेच यायला पाह्यजे ना?"

सरांनी कागदावर एक ठिपका काढला आणि भोवती पेन्सिल फिरवली. "आत काही नसंन तर तेच येते. पण आत असा ठिपका असला का, एक फेरी मारून तू परत येते, जागा तीच असते, अन् किंमत दुसरी झालेली असते. गोल जिन्यावानी समज. खालून पाह्यलं तर तू तिथंच आहे. खरं म्हणजे एक मजला वर गेली."

"मग परत खाली कसं यायचं?"

"उलटी फेरी मारायची. जेवढ्या मारल्या तेवढ्याच."

"अन् मोजल्या नसंन तर?"

ते हसले. "परीक्षेत मोजून देतात, काजल." मग त्यांनी ठिपक्याच्या दोन बाजूंनी दोन रेघा काढल्या आणि पलीकडं एकत्र आणल्या. "हे ध्यानात ठेव, हमखास विचारतात. एकानं इकून जायचं, एकानं तिकून. भेटतात एकाच जागी. पण दोघांची उत्तरं जुळत नाईत."

मी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

४

शालूच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचा डाग होता.

पोळ्याचा सण होता, मी दहा वर्षांची, ती सहाची. चुलीवर भज्यांची कढई होती. आई बाहेर गेली होती आणि मी झाऱ्यानं भजी काढायला गेले. कढई कलंडली. तेल शालूच्या हातावर गेलं. आई धावत आली तेव्हा, मी तोंड उघडायच्या आत, शालू रडत रडत म्हणाली, "मीच ओढली कढई." सहा वर्षांच्या पोरीला ते कसं सुचलं, मला अजून कळलेलं नाही. आम्ही दोघी त्यावर कधीच बोललो नाही. पण तिचा तो हात दिसला नाही असा माझा एकही दिवस गेला नव्हता.

त्या शुक्रवारी चार वाजता ती म्हणाली, "चाल, मी पण येतो. मी विचारतो, तू सांगजो."

वही तिच्या हातात होती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती फक्त मथळे वाचायची. पहिल्या दोन फेऱ्या दोघींनी सोबत घातल्या, प्लॉट डाव्या हाताला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीचा पट्टा फटफट वाजत होता. तिसऱ्या कोपऱ्यावर वळलो की तो आवाज तुटायचा, कमी होत जायचा नाही, तुटायचा, आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू व्हायचा. मधे भिंत नव्हती, घर नव्हतं, गवत तेवढं होतं. मी म्हटलं, वारा असेल. गवताचं एकही पातं हलत नव्हतं.

फाटकापाशी आल्यावर शालू थांबली. "माहे पाय दुखून राह्यले. असं कर, तू इकून जा, मी तिकून येतो. पल्याड बाभळीखाली भेटू. तेवढ्यात उत्तर आठवून ठेव."

"कोणतं?"

तिनं वहीत पाहिलं. "हे, दोन वाटांचं."

ती गेली. तिची निळी ओढणी खांबांमागून दिसत राहिली, मग गवताआड गेली. मी माझ्या बाजूनं निघाले. मनात उत्तर घोळवत होते, म्हणून दुसरं काही पाहिलं नाही. आज ते फार लागतं मनाला.

५

बाभळीखाली मी आधी पोचले. अर्ध्या मिनिटानं ती समोरच्या वळणावरून आली. निळी ओढणी, हातात वही. तिनं प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, तिनं मान हलवली. मग ती आली होती त्याच वाटेनं आम्ही घराकडं निघालो.

खोलीत तिनं हात धुवायला बाह्या वर केल्या.

तिचा डावा हात साफ होता. मनगटापासून कोपरापर्यंत सारखी, सावळी, गुळगुळीत कातडी. मी नळ बंद केला, तिचा हात धरून उजेडात नेला. उलटा केला. मग उजवा पाहिला.

"काय पायते?" ती म्हणाली.

"तुह्या हातावरचा डाग?"

"माह्या हातावर?" ती हसायला लागली आणि मधेच थांबली. तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं होतं. तिनं माझी बाही वर सारली, हळू, जखमेवरची पट्टी काढावी तशी. माझ्या हातावर काहीच नव्हतं. कधीच नव्हतं.

तिचा चेहरा उतरत गेला. मागं सरकत सरकत ती भिंतीला टेकली.

"ताई," ती म्हणाली, "तुह्या हातावरचा डाग कुठं गेला?"

६

मी आईला फोन लावला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"आई, पोळ्याच्या दिवशी ते तेल सांडलं होतं ना, लहानपणी. कोणाले पोळलं होतं?"

"काऊन विचारून राह्यली?"

"असंच. शालूले ना?"

"शालूले? तुले पोळलं माय. डाव्या हातावर. शालूच्या हातून कढई पडली अन् तू म्हणे मीच ओढली. मले काय समजलं नाई का तवा?" आई हसली. मग म्हणाली, "दुखून राह्यलं का? परवा रविवारी येतोच मी, वांगे घेऊन. तेल आणतो, हात चोळून देतो."

फोन ठेवला. शालू भिंतीशी तशीच बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. आईचं आणि तिचं जुळत होतं. आनंदाबाई काकूंचं फाटकही त्यांच्याशीच जुळत असणार. न जुळणारी या घरात मी एकटी होते.

मी कारणं शोधली. झोप नाही. परीक्षेची भीती. अशा भीतीनं माणसाची आठवण फिरते, हे मी कुठंतरी वाचलं होतं. पण फिरलेली आठवण दुसऱ्याच्या हातावरचा डाग पुसत नाही, आणि शालू रडत होती ती माझा हात पाहून.

"माही ताई कुठं गेली मग?" तिनं विचारलं. माझ्याकडं न पाहता.

तिचा आवाज शालूचा होता, नाक ओढण्याची लकब शालूची होती. मी तिला जवळ घ्यायला पुढं झाले तेव्हा तिनं पाय पोटाशी ओढून घेतले.

७

शनिवारी ती ड्यूटीवर गेली नाही. दुपारी साडेतीनला तिनंच मला उठवलं. सरांचा गोल जिना मी तिला सकाळी समजावून सांगितला होता.

"तू उलटी जा," ती म्हणाली. "तू गेली तं ती येईन. म्हणून जा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं माझे केस नीट केले, ओढणी खांद्यावर सारखी केली, आणि मग बहुधा ही आपली नाही हे आठवून हात मागं घेतला.

किती फेऱ्या उलट्या घालायच्या, हे मला ठाऊक नव्हतं. सोमवारपासून मी रोज दहा-बारा घातल्या होत्या. त्यांतल्या कोणत्या फेरीत फाटक बदललं? आणखी काय काय बदललं आणि मी वहीत डोकं खुपसून बसल्यामुळं पाहिलंच नाही? काल माझ्यासोबत फिरायला निघालेली शालू तरी माझी पहिली शालू होती का? डाग होता, म्हणून होती असं मी धरून चालले.

प्लॉट उजव्या हाताला घेतला आणि निघाले.

पहिली फेरी. फाटकाशी शालू उभी. मी हात पुढं केला, तिनं आपली बाही वर सारली. साफ. पण तिची नजर माझ्या उजव्या हातावर होती. ती म्हणाली, "नाई," आणि तोंड फिरवलं.

दुसरी फेरी. फाटकाशी कोणी नव्हतं. खोलीला कुलूप होतं, आणि ते आमचं नव्हतं.

तिसरी. शालू होती, डाग होता, पण तिच्या उजव्या हातावर. मी रडत पुढं गेले. तिनं मागून हाक मारली, मी थांबले नाही.

पाचवीनंतर मोजणं चुकलं. चक्कीचा आवाज तुटायचा, पुन्हा यायचा, कधी पुढून तर कधी पाठीमागून. एका पायातली चप्पल तुटली, ती मी गवतात टाकली. उन्हं खांबांच्या मध्यावर होती तिथंच होती. मी म्हटलं, मी भराभर चालतेय, वेळ कमी गेला असेल.

मग मला दिसलं. मी वळणावर आले की पुढच्या वळणावरून कोणीतरी नुकतंच आत वळलेलं असायचं. ओढणीचं टोक, टाच, एवढंच. मी पळाले. पुढं पावलंही पळाली. थांबले, ती थांबली. मागं वळून पाहिलं तर मागच्या कोपऱ्यावर कोणीतरी झटकन खांबाआड झालं.

मी गवतातून आरपार पाहिलं. पलीकडच्या रस्त्यावर, वाळल्या काड्यांच्या फटींतून, एक मुलगी चालत होती. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. तिच्यामागं दहा-बारा पावलांवर आणखी एक. तिच्यामागंही.

पुढचं मी पाहिलं नाही. डोळे जमिनीला लावून चालत राहिले.

८

मग एका फेरीला शालू उभी नव्हती, फाटकाच्या पायरीवर बसली होती. तिचे डोळे सुजले होते. मी काही विचारायच्या आधीच तिची डावी बाही कोपरापर्यंत वर गुंडाळलेली होती.

"हा पाह्य," ती थकल्या आवाजात म्हणाली आणि हात पुढं केला. "आहे ना?"

होता. मनगटापासून कोपरापर्यंत, मला पाठ असलेला. मी गुडघ्यांवर बसले आणि त्यावर तोंड ठेवलं.

"शालू. तू माही वाट पाहून राह्यली होती?"

"दुपारपासून तू येऊनच राह्यली, ताई." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण त्या हातात जोर नव्हता. "येते, डाग पायते, गळ्यात पडते. मंग विचारते, पोळ्याच्या दिवशी तू आईले काय सांगितलं होतं? मी खरं ते सांगतो. तं तू रडते अन् उठून पुढं जाते. सातव्यांदा."

मी तिच्या हाताला धरून बसून राहिले. प्रश्न माझ्या ओठांवर होता. तोच एक प्रश्न होता ज्याचं उत्तर फक्त माझ्या शालूला ठाऊक होतं. आणि त्याचं उत्तर हिनं सहा जणींना दिलं होतं, आणि सहाही जणी उठून गेल्या होत्या.

माझ्या अनवाणी पायाच्या तळव्यातून रक्त येत होतं. उद्या आई येणार होती. परीक्षेला अठरा दिवस होते. माझी शालू कुठल्यातरी फाटकाशी अशीच बाही गुंडाळून बसली असेल, एवढं मला कळत होतं.

"विचारत नाई मी," मी म्हटलं.

मग तिनं बाही खाली ओढली.

९

रविवारी आई वांगी घेऊन आली. तिनं माझ्या हाताकडं पाहिलंही नाही, शालूचाच हात तेल लावून चोळला. परीक्षा झाली. दोन वाटांचा प्रश्न खरंच आला होता, चौदा मार्कांचा. बंद वाट काढायला पेन टेकवलं आणि हात पुढं सरकेना. तो मी सोडून दिला. बाकीच्यांवर पास झाले. आईनं गावभर पेढे वाटले. सावंगीची खोली आम्ही लगेच सोडली. शालू मला ताई म्हणते, माझ्या ताटात तिच्या वाटणीचं भजं टाकते. मी तिला ते कधीच विचारलेलं नाही.

त्या शनिवारचं एक मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

आम्ही पायरीवरून उठलो. मी तिचा हात धरला आणि फाटक उघडून आत निघाले. तेवढ्यात मागं रस्त्यावर पावलं वाजली. एका पायात चप्पल असलेली, दुसऱ्यात नसलेली. ती आमच्या मागं येऊन थांबली. धाप लागली होती तिला. मी वळले नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक हात दिसला, वही छातीशी धरलेला.

"शालू," ती म्हणाली.

माझाच आवाज होता. पण त्यात शोध नव्हता. दिवसभर भटकून एकदाचं आपलं दार सापडलेल्या माणसाचा तो आवाज होता. तिला डाग पाहायचा नव्हता. तिला काही विचारायचं नव्हतं.

शालूच्या हाताला हिसका बसला. तिनं मान वळवली. तिची बोटं माझ्या मुठीतून सुटू लागली.

मी ती सोडली नाहीत. तिला आत ओढलं आणि कडी घातली.